जगाच्या चावडीवर: राज्यं सह्या का करतात?

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत आजचा विषय जाहीर झाला तेव्हा मागून एका पोराने उठून विचारलं, 'वस्तीतली मोरी आठ दिवस तुंबलीय आणि तुम्ही यूनोवर बोलणार. यूनो येऊन आमची मोरी साफ करणार हाय का?' सगळे हसले. मीही हसलो. पण घरी जाताना तो प्रश्न डोक्यातून हलेना. आज त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न आहे. शेवटी मोरीवरच येऊ. तोपर्यंत जरा दम धरा.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. सरकार फुकट सही करत नाही. रेशनकार्डावर एक नाव चढवायचं तर सही मिळवायला आपल्या चपला झिजतात. मग हीच सरकारं जगापुढे जाऊन कागदावर सह्या का करतात? वर्गणी का भरतात? आपल्या घरात कुणी डोकावू नये असं ज्यांना वाटतं, ते दुसऱ्याला डोकवायची खिडकी आपल्याच हाताने का ठेवतात? 1909 साली अशा सरकारी-सरकारी संघटना जगात 37 मोजल्या होत्या. आज त्या अडीचशेच्या घरात आहेत. 51 राज्यांनी सुरू केलेल्या यूनोत आज 193 राज्यं आहेत. काहीतरी फायदा असल्याशिवाय एवढी गर्दी होत नाही.

सुरुवात पोस्टापासून करू. दीडशे वर्षांपूर्वी एका देशातून दुसऱ्या देशात पत्र धाडायचं म्हणजे वाटेतल्या प्रत्येक देशाशी वेगळा करार आणि वेगळा दर. तारेचा तर आणखी तमाशा. तार सरहद्दीपर्यंत यायची. तिथला तारमास्तर ती कागदावर उतरवायचा, पलीकडच्या तारमास्तराच्या हातात द्यायचा, आणि तो पुन्हा नव्याने खटखट करत पुढे पाठवायचा. इकडे कारखान्यांचा माल वाढला होता, आगगाड्या आणि आगबोटी धावत होत्या. व्यापाऱ्याला आज भाव कळायला हवा होता, पंधरा दिवसांनी नव्हे. म्हणून 1865 साली पॅरिसला 20 राज्यं जमली आणि तारेचा संघ झाला. 1874 साली बर्नला 22 देशांनी पोस्टाचा संघ केला. नियम साधा: ज्या देशात तिकीट लावलं त्याने पैसे ठेवायचे, पत्र मात्र सगळ्यांनी पोचवायचं. 1875 ला मीटरचा करार झाला, म्हणजे माप सगळ्यांचं एक. त्याच्याही आधी, 1815 साली, ऱ्हाईन नदीवर नावा कुणाच्या कशा जातील हे ठरवायला काठावरच्या राज्यांनी एक कमिशन नेमलं होतं.

यात प्रेम कुठे दिसतं का? नाही. माझी नाव तुझ्या पाण्यातून गेली पाहिजे, तुझी माझ्या पाण्यातून. हे पहिलं कारण: गरज. भांडवलाला सरहद्दीची अडचण झाली, तेव्हा सरहद्दीला दारं पाडली गेली.

दुसरं कारण भीती. युरोपात कॉलरा आला तेव्हा राजाचा वाडा आणि मजुराची खोली त्याने वेगळी धरली नाही. 1851 साली पॅरिसला 12 राज्यांची बैठक झाली. प्रत्येक राज्याचा एक मुत्सद्दी आणि एक डॉक्टर. जहाजं बंदरात किती दिवस अडवायची यावर भांडण. जहाज अडलं की इंग्रजांचा धंदा अडतो, म्हणून इंग्रज राजी होईनात. पहिला करार अमलात येईपर्यंत चाळीसएक वर्षं गेली. मग 1896 ला आपल्या मुंबईत प्लेग आला. चाळीतली माणसं मरू लागली, गिरण्या ओस पडल्या, लोक गावाकडे पळाले. 1897 साली युरोपची राज्यं व्हेनिसला बसली ती या प्लेगवर. मुंबईच्या मजुराचं काय होईल यासाठी ती बसली नव्हती. प्लेग आगबोटीत बसून आपल्या दारात येऊ नये, एवढीच काळजी होती.

पण इथेच एक गंमत होते, आणि आजच्या सगळ्या बोलण्याचा मुद्दा तोच आहे. भीतीपोटी का होईना, यंत्रणा उभी राहिली. 1907 ला तिचं कायमचं ऑफिस ठरलं, पुढे 1948 ला जागतिक आरोग्य संघटना झाली. अमेरिका आणि रशिया एकमेकांवर बॉम्ब रोखून बसले होते त्या काळात याच यंत्रणेतून दोघांनी देवीच्या रोगाविरुद्ध काम केलं. 1980 साली देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं. माझ्या आजीच्या तोंडावर देवीचे वण होते. माझ्या तोंडावर नाहीत. ज्यांनी सुरुवात केली त्यांच्या मनात माझी आजी नव्हती. तरी माझं तोंड वाचलं.

आता तिसरी गोष्ट ऐका, ही गिरणगावाची आहे. 1917 ला रशियात कामगारांनी सत्ता घेतली. सगळ्या जगातल्या मालकांची झोप उडाली. 1919 च्या तहात त्यांनी मजुरांसाठी एक संघटना घातली: आंतरराष्ट्रीय मजूर संघटना, आयएलओ. एका बाजूने क्रांतीची भीती. दुसऱ्या बाजूने एक जुनं धंद्याचं कोडं. मी माझ्या कामगाराचे तास कमी केले आणि शेजाऱ्याने केले नाहीत, तर त्याचा माल स्वस्त होणार आणि मी बुडणार. म्हणून सगळ्यांनी एकदम कमी करू या, आणि कुणी फसवू नये म्हणून कागद करू या. राज्यं सही करतात ती पुष्कळदा स्वतःला बांधून घ्यायला नव्हे, शेजाऱ्याला बांधायला. हे तिसरं कारण. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईच्या मजुराचा कळवळा अधूनमधून यायचा तो असाच यायचा.

आयएलओची बैठक वेगळी आहे. दर देशाचे सरकारचे दोन, मालकांचा एक, मजुरांचा एक. पहिली परिषद 1919 ला वॉशिंग्टनला झाली. दिवसाला आठ तास, आठवड्याला 48, असा ठराव झाला. सगळ्यांना? नाही. जपानसाठी वेगळं कलम, 57 तास. ब्रिटिश इंडियासाठी आणखी वेगळं, 60 तास. चीन, इराण, सयाम यांना तर बाहेरच ठेवलं. जगाच्या चावडीवरसुद्धा पंगती वेगळ्या असतात, मित्रांनो. गोऱ्या मजुराचं अंग आठ तासांत थकतं, आपलं दहा तासांत.

त्या परिषदेला मजुरांच्या वतीने ना. म. जोशी गेले. माणूस भला, मजुरांसाठी झिजलेला. पण त्यांना निवडलं सरकारने. मजुरांना कुणी विचारलं नाही. आणि तहाच्या कागदात तर लिहिलं होतं की मजुरांचा प्रतिनिधी मजुरांच्या संघटनांच्या संमतीने ठरवावा. इथल्या लोकांनी ते कलम वाचलं आणि सरकारच्या छातीवर ठेवलं. 31 ऑक्टोबर 1920 ला मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. लाला लजपतराय अध्यक्ष. ती उभी राहण्याचं एक मोठं कारण जिनिव्हाची ती खुर्ची होती. सरकारने सही केली होती मालकांचं भलं बघून. त्या सहीचा आधार घेऊन मजूर संघटित झाला. 1922 च्या कारखाने कायद्यात बारा तासांचे अकरा झाले, आठवड्याचे 60. उरलेले बारा तास काढायला आणखी चोवीस वर्षं लागली. 1942 मध्ये बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं सांभाळायला लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकार, मालक आणि मजूर यांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत बसली, ती आयएलओच्याच धर्तीवर. 48 तासांचं बिल त्यांनी मांडलं आणि 1946 साली ते कायदा झालं. आठ तासांची पाळी आपल्याला कुणी जिनिव्हाहून पार्सलने पाठवली नाही. पण भांडताना हातात धरायला कागद होता.

चौथं कारण आहे इभ्रत आणि मत. 1919 च्या तहावर भारताचीसुद्धा सही आहे. गुलाम देश, आणि राष्ट्रसंघाचा संस्थापक सभासद! कसा? सही करणारे कोण, तर लंडनचे भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज. गुलामाच्या नावाने धन्याने खुर्ची अडवली. पाटलाने आपल्या सालगड्याच्या नावावर जमीन करावी तसा प्रकार. साम्राज्याला सभेत मतं जास्त मिळतात हे अमेरिकेच्या सिनेटरांनाही कळलं होतं, त्यांनी त्यावरून आरडाओरड केली. अमेरिका तर राष्ट्रसंघात आलीच नाही.

त्याच तहाच्या वेळी जपानने एक साधी मागणी केली: सगळ्या वंशांची माणसं समान आहेत असं एक वाक्य घाला. 17 पैकी 11 मतं बाजूने पडली. अध्यक्ष होते विल्सन, लोकशाहीचे पुजारी. ते म्हणाले, अशा गोष्टीला एकमत पाहिजे. वाक्य गेलं. समानतेचं एक वाक्य ज्या सभेला पचलं नाही, ती सभा पुढे काय करणार? 1935 ला इटलीने ॲबिसिनियावर चाल केली. काळ्यांचा देश, राष्ट्रसंघाचा सभासद. संघाने थोडे निर्बंध लावले, तेल मात्र चालू ठेवलं. देश गेला. चार वर्षांत महायुद्ध आलं.

मग 1945 ला यूनो आली. सनदेवर सह्या झाल्या सॅन फ्रान्सिस्कोला. या वेळी मोठ्यांनी शहाणपण केलं. संघटना मजबूत करायची, पण आपल्यावर कधी उलटू नये अशी. म्हणून सुरक्षा परिषदेत पाच जणांना व्हेटो. पाच वतनदार. गावचा कुठलाही ठराव असो, एका वतनदाराने मान हलवली की खलास. आणि पैशाची चावडी तर उघड उघड पैशाची. 1944 ला ब्रेटन वुड्सला जी नाणेनिधी ठरली, तिथे मत माणसाला नाही, पैशाला. तिथले मोठे निर्णय 85 टक्के मतांनी होतात आणि एकट्या अमेरिकेकडे 16 टक्क्यांच्या वर आहेत. हिशेब तुम्हीच करा. तरी आपण तिथे का? कारण अडलेल्याला दुसरं दार नसतं. 1991 मध्ये आपल्या सरकारला सुमारे 47 टन सोनं परदेशात गहाण ठेवावं लागलं होतं आणि नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला. कर्ज मिळालं, त्याबरोबर अटी आल्या. सावकाराच्या ओट्यावर कुणी हौसेने बसत नाही.

पण यूनोची दुसरी बाजूही बघा. 1960 या एका वर्षात 17 नवी राज्यं आत आली, त्यातली 16 आफ्रिकेतली. कालपर्यंत ज्यांच्या पाठीवर गोऱ्याचा चाबूक होता, ते आज त्याच गोऱ्याच्या शेजारी त्याच उंचीच्या खुर्चीवर बसले. त्यांच्यासाठी ती खुर्ची म्हणजे आपण माणसं आहोत याची पावती होती. चवदार तळ्याचं पाणी प्यायल्याने काही अमर होत नाही. पण ते प्यावं लागतं. नव्या राज्यांना यूनो हवी होती ती यासाठी.

आता आपल्या घरची गोष्ट. नीट ऐका, यात बरंच काही दडलेलं आहे.

1946 साली दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने कायदा केला. नाताळ प्रांतातल्या, म्हणजे डर्बान वगैरे भागातल्या, हिंदी माणसाने गोऱ्यांच्या वस्तीत जमीन घ्यायची नाही, राहायचं नाही. वेगळी वस्ती, वेगळी हद्द. ओळखीचं वाटतं ना? गावकुसाबाहेर. भारताने, अजून स्वातंत्र्यही मिळालं नव्हतं, ही तक्रार यूनोत नेली. विजयालक्ष्मी पंडित बोलल्या. समोर दक्षिण आफ्रिकेचे स्मट्स. यूनोच्या सनदेच्या प्रस्तावनेत मानवी हक्कांची भाषा घालणारे हेच स्मट्स. ते म्हणाले, हा आमचा अंतर्गत मामला आहे, सनदेचं कलम 2 पोटकलम 7 बघा, तुम्ही बोलू शकत नाही. भारत म्हणाला, माणसाला माणूस म्हणून न वागवणं हा कुणाचाही घरगुती मामला असू शकत नाही. 8 डिसेंबर 1946 ला मतदान झालं. भारताच्या बाजूने 32, विरुद्ध 15. भारत जिंकला. पुढे या वाटेनेच दक्षिण आफ्रिकेवर बहिष्कार आला, 1977 ला शस्त्रबंदी आली.

त्याच 1946 च्या जुलैत बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्यांनी यूनोकडे अर्ज केल्याचं त्यांनी वाचलं होतं. इथले अस्पृश्यही तसंच करायच्या विचारात आहेत, त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती पाठवा, असं त्यांनी कळवलं. ड्यू बॉईस यांचं उत्तरही आलं. बघा, यूनो जन्मून वर्ष झालं नव्हतं. तिची सनद राज्यांनी राज्यांसाठी लिहिली होती. बाबासाहेबांनी मात्र त्यात आपल्यासाठी फट कुठे आहे ते शोधायला सुरुवात केली होती.

1965 च्या डिसेंबरात यूनोत वंशभेदाविरुद्धचा करार मंजूर झाला. त्याच्या पहिल्या कलमात भेद कशावरून करायचा नाही याची यादी आहे: वंश, रंग, 'डिसेन्ट', राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ. डिसेन्ट म्हणजे कुळ, म्हणजे तू कुणाच्या पोटी जन्माला आलास ते. हा शब्द यादीत आला तो भारताच्या दुरुस्तीमुळे. 1968 साली भारताने करार कायम केला. त्या वेळी तिसऱ्या जगाचा पुढारी म्हणून आपल्या सरकारची मान जगात ताठ होती. गोऱ्यांना धडा शिकवायचा होता. सही दुसऱ्याला बांधायला केली होती, हे विसरू नका.

पुढे त्याच शब्दाने घर गाठलं. कराराच्या समितीने 1996 मध्ये विचारलं, तुमच्याकडच्या अनुसूचित जातींचं काय? सरकारचं उत्तर: जात म्हणजे वंश नव्हे, हा करार तिला लागू नाही. समितीने ते मानलं नाही. 2002 मध्ये तिने स्पष्ट लिहून ठेवलं की जातीवरून होणारा भेद डिसेन्ट या शब्दात येतो. त्याच्या आदल्या वर्षी वंशभेदावर जागतिक परिषद भरली होती. दलित कार्यकर्ते तिथे मोठ्या संख्येने गेले, जातीचा प्रश्न घोषणापत्रात घ्या म्हणून घसा फोडला. भारत सरकारने विरोध केला. हा आमच्या घरचा प्रश्न आहे, तो सोडवायला आमची घटना आहे, असं सांगितलं. घोषणापत्रात जात हा शब्द आला नाही.

ती परिषद कुठे भरली होती ठाऊक आहे? डर्बानला.

ज्या डर्बानच्या हिंदी माणसासाठी भारताने 1946 ला सांगितलं की हा अंतर्गत मामला नव्हे, त्याच डर्बानमध्ये 2001 ला भारत म्हणाला, हा अंतर्गत मामला आहे. स्मट्सचं वाक्य आपल्या सरकारच्या तोंडी आलं. तेव्हा माझ्या मते राज्य म्हणजे काय ते इथे नागडं दिसतं. राज्याला दुसऱ्याच्या घरातली घाण दिसते तेव्हा त्याचं नाक तिखट असतं.

म्हणून काही पोरं म्हणतात, सगळं ढोंग आहे, थुंका त्यावर. मी म्हणतो, थुंकू नका. आणि पूजाही करू नका. आपल्यातले काही लोक यूनोचं नाव निघालं की अशा थाटात बोलतात, जणू न्यूयॉर्कला कुणी न्यायाधीश बसलाय आणि तो अत्याचाराच्या केसेस काढणार आहे. कुणी बसलेला नाही. वंशभेदाच्या त्या करारात कलम 14 आहे. त्याने माणसाला थेट समितीकडे तक्रार करता येते, पण तुमच्या सरकारने मान्यता दिली तरच. भारताने ती दिलेली नाही. राज्य दार ठेवतं आणि कुलूपही ठेवतं. फारच अडचण झाली तर राज्य सभा सोडूनसुद्धा जातं. जपान 1933 ला राष्ट्रसंघातून उठून गेला. अमेरिका 1984 ला युनेस्कोतून गेली, 2003 ला आली, 2018 ला परत गेली, 2023 ला परत आली, आणि 2025 मध्ये पुन्हा जाणार म्हणून जाहीर केलं.

मग आपण काय धरायचं? आपण सही धरायची. सही करणाऱ्याचा हेतू त्याच्याबरोबर जातो. कागद मागे राहतो. 1919 चं कलम मुंबईच्या मजुराने वाचलं म्हणून युनियन उभी राहिली. 1965 चा एक शब्द तीस वर्षांनी सरकारच्या घशात अडकला. हे आपोआप झालं नाही. आधी संघटना, मग कागद. संघटना नसेल तर जगातला कुठलाही करार रद्दीच्या भावाने जातो.

आता त्या पोराची मोरी.

आयएलओचा एक करार आहे, क्रमांक 111, 1958 सालचा. कामधंद्यात भेद करायचा नाही, आणि भेदाच्या यादीत 'सामाजिक मूळ' हे शब्द आहेत. भारताने तो 1960 ला मान्य केला. त्यामुळे सरकारला त्याचा अहवाल आयएलओला द्यावा लागतो. आणि आयएलओच्या तज्ज्ञांची समिती आपल्या सरकारला पुन्हा पुन्हा विचारत आली आहे की हाताने मैला साफ करायचं काम अजून का चालू आहे, आणि ते ठरावीक जातींच्याच माथी का? इथे कायदा झाला 1993 ला, दुसरा 2013 ला. माणसं अजून गटारात गुदमरून मरतात, आणि मेलेल्यांची आडनावं तुम्हाला मला पाठ आहेत. तिथे आपलं म्हणणं लिहून पाठवायचा हक्क कामगार संघटनेला आहे. सरकारच्या अहवालाच्या शेजारी तिचा कागद जातो. एकट्यादुकट्याला तो हक्क नाही. म्हणजे सफाई कामगारांची युनियन पाहिजे, तिच्याकडे मेलेल्यांची तारीखवार नोंद पाहिजे, ठेकेदाराचं नाव पाहिजे, पोलीस चौकीतली एंट्री पाहिजे. हे काम न्यूयॉर्कमध्ये होत नाही. ते या वस्तीत, या खोलीत, वही-पेन घेऊन होतं.

तेव्हा, दोस्ता, यूनो तुझी मोरी साफ करणार नाही. पण त्या मोरीत कुणाच्या पोराला उतरवता, हे सरकारला चारचौघांत विचारायची एक जागा जगाच्या चावडीवर आहे. सरकारने तिथे सही केलेली आहे. ती सही वाचायला शिका. पुढच्या रविवारी वही घेऊन या, नोंदी करायला सुरुवात करू.

जय भीम!